सव्वा मूठ गहू

रविवार, २० जुलै २०२५

पाडव्यानंतर ही वही आज उघडते आहे. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रोज जेवणानंतर मोबाईल बघत बसायला वेळ मिळत होताच. लिहायला बसलं की दिवस पुन्हा एकदा काढावा लागतो, आणि मला तो एकदाच पुरत होता. एवढी एकच सबब आहे. ती ग्राह्य धरावी.

घरात फारसं बदललेलं नाही. आबा पुढच्या खोलीत पलंगावर आहेत. दिवाळीत सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला आता नऊ महिने होत आले. उजवी बाजू गेली ती गेलीच, वाचाही गेली. डावा हात चालतो. ‘अ’ आणि ‘हं’ एवढे दोन आवाज येतात. मी कॉलेजात असते तेव्हा ताईबाई येऊन बसतात. पाच वाजता मी येते, त्या पिशवी खांद्याला लावून उभ्याच असतात. मग चादर, पावडर, कूस बदलणं, मिक्सरमधून काढलेलं वरण-भात. नवऱ्याची, प्रेमराजची, पाइपच्या कंपनीत पाळी असते. दुपारपाळी असली की रात्रीचं सगळं माझ्याकडे. अनुज शिरपूरला हॉस्टेलवर आहे. तो फोनवर विचारतो, “आजोबा कसे आहेत?” मी सांगते, “तसेच.”

नवीन म्हणजे एकच. सुरेशचंदभाऊंनी त्यांच्या गाइडसाठी इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक लिहायला दिलं आहे. वाक्प्रचार, मराठी अर्थ, आणि वापर दाखवणारं एक वाक्य. हो म्हणताना वाटलं होतं की बारावीला इतकी वर्षं शिकवते आहे, हातचा मळ. आठवडाभर ‘अलाइव्ह अँड किकिंग’पाशी अडकले आहे.

आबांना असल्या गोष्टींची फार हौस होती. केळीच्या गाड्या भरताना त्यांचा आवाज असोद्याच्या रस्त्यापलीकडे जायचा. लग्नात, भरीत पार्टीत, कुठेही गेले की आधी हसण्याचा आवाज यायचा आणि मागून आबा. फोन उचलला की “हॅलो” नाही, “बोला, हाय अजून!” हेच त्यांचं हॅलो. हा इंग्रजी वाक्प्रचार त्यांना सांगितला असता तर ते

मागचा परिच्छेद वाचून थांबले. होती, जायचा, असता. आबा भिंतीपलीकडे आहेत. आत्ता त्यांचा खोकला ऐकू येतो आहे.

मंगळवार, २२ जुलै

सुरेशचंदभाऊंचा फोन. त्यांचं पुस्तकांचं दुकान आजोबांच्या वेळचं, राजस्थानातून आल्यापासूनचं. माणूस गोड आहे, पण गोड बोलून पिच्छा पुरवतो.

“मॅडम, कुठवर आलं?”

“ए अक्षर चालू आहे.”

“अजून ए? झेड येईपर्यंत माझ्या नातवाला सून येईल.”

मी म्हटलं, “एक वाक्प्रचार अडला आहे, भाऊ. अलाइव्ह अँड किकिंग.”

“त्यात काय अडायचं? जिवंत आणि लाथा मारणारा. लिहून टाका. पोरं हसतील, म्हणजे लक्षात राहील.”

“परीक्षेत तेच लिहितील.”

“लिहू द्या ना. तपासणारे तुम्हीच.”

शब्दकोश म्हणतो, जिवंत आणि ठणठणीत. मीही आधी ‘जिवंत व हातीपायी धड’ असं लिहिलं होतं. मग खोडलं. एका पुस्तकात म्हटलं आहे की कोळी लोक मासे ताजे आहेत हे सांगायला असं ओरडत असत. खरं-खोटं कोण जाणे. अर्थापेक्षा वापराने मला अडवलं आहे. वर्गातल्या सोळा वर्षांच्या धडधाकट पोराबद्दल कुणी हे बोलत नाही. जुन्या दुकानाबद्दल बोलतात, जुन्या गवयाबद्दल, बंद पडली असं वाटलेल्या चालीरीतीबद्दल, आजारातून उठलेल्या माणसाबद्दल. म्हणजे आधी कुणाला तरी शंका यावी लागते. आधी कुणीतरी मनातल्या मनात आटोपून टाकलेलं असावं लागतं.

हे दोन ओळींत कसं बसवायचं?

शनिवार, २६ जुलै

असोद्याहून शेवंताअक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे आबांच्या मोठ्या भावाच्या पत्नी. आता भाऊबंदकीत सगळ्यांत वडील त्याच. माहेर शिरपूरकडचं. असोद्यात सगळा जन्म गेला तरी त्यांचं ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणणं सुटलं नाही, आणि त्यावरून आबा त्यांना आयुष्यभर चिडवत आले.

“मेघा, कानबाई औंदा तुमनाकडे शे. ध्यानमा शे ना?”

ध्यानात होतं. खानदेशातली ही श्रावणातली देवी आमच्या भाऊबंदकीत पाळीपाळीने एकेका घरी बसते. सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही कानबाई बसवली नाही, म्हणून आमची पाळी यंदावर आली. नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे तीन तारीख. मी म्हटलं, “अक्का, आबांचं असं आहे, घर लहान, तुमच्या बन्सीलालभाऊंकडे करता येणार नाही का?”

“पाळी तुमनी शे,” अक्का म्हणाल्या. आणि वर, “मी येसू शनिवारले. तू नुसती मूठ काढी ठेव.”

मूठ काढणं हे सासूबाईंचं काम होतं. कानबाईच्या नैवेद्याचा रोट, म्हणजे जाड पोळी, कुठल्याही पिठाची चालत नाही. आमच्याकडे भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू थाळीत काढायचे, एक मूठ आणि वर चिमूट, आणि तेवढेच दळायचे. गहू सवाष्णीने काढायचे. म्हणजे यंदा मी. अक्कांचा हात या कामाला का चालू नये हे मला पटत नाही, पण अक्काच ऐकणार नाहीत, म्हणून मी विषय काढला नाही. हे माझं शहाणपण की भित्रेपणा, ठाऊक नाही.

माझ्या डोळ्यांपुढे ते सगळं स्वच्छ आहे. आबा ओट्यावर मांडी घालून बसायचे आणि लिलावात पुकारावं तशी नावं पुकारायचे. आधी भावाची मुलं, “बन्सीलाल! गोकुळ!” मग त्यांची पोरं, मग “प्रेमराज! अनुज!” प्रत्येक नावाला सासूबाईंची एक मूठ. नावं संपली की आबा सासूबाईंना काहीतरी विचारून हसायचे, मग पान लावायला घ्यायचे, आणि सासूबाई पुन्हा एकदा डब्यात हात घालून थाळीवर काहीतरी सारखं-बिरखं करायच्या, मग पदराने झाकून उचलायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, “आणि बायकांची मूठ?” नवी सून, इंग्रजीत एम.ए., विचारणारच. आबा हसत म्हणाले, “अव माय, टाकनारीले कोन मोजतं?” सगळे हसले. मीही हसले होते. घरी येऊन ते वहीत लिहिलंही होतं.

संध्याकाळी आबांना सांगितलं, “यंदा कानबाई आपल्याकडे आहे.” त्यांनी डोळे मोठे केले. डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि बराच वेळ ओठ हलवत राहिले. आवाज ‘अ’ एवढाच. तहान लागली असेल म्हणून पाणी पाजलं.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. सुट्टी नव्हतीच. दोन चादरी, एक उशीचा अभ्रा. पाठीवर लाल झालं आहे, तिथे जपायला हवं. पाठ आबांची. माझीही दुखते, पण ती लाल नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

मूठ काढली. झालं एकदाचं.

प्रेमराजची सकाळपाळी होती, तो चारला आला. आबांनी बघावं म्हणून पुढच्याच खोलीत पाट मांडला. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली, त्यांना टेकवून बसवलं. नावं कोण पुकारणार? अक्का उद्या येणार. मी नवऱ्याचं नाव एरवी सर्रास घेते, पण देवीच्या कामात नको वाटलं. मग प्रेमराजने पुकारली.

“जोरात म्हण. आबा म्हणायचे तसं,” मी म्हटलं.

“मला नाही येत ते लिलाव पुकारणं.”

पण आलं. सुरुवात केली आणि नकळत आबांचाच सूर लागला. “बन्सीलाल! गोकुळ!” मी मूठ टाकत गेले, वर चिमूट. एकही नाव चुकू नये म्हणून मी मनातल्या मनात आबांची जुनी पुकार लावून धरली होती. बरोब्बर त्याच क्रमाने आली. शेवटी “प्रेमराज! अनुज!”

“झालं?”

“झालं.”

मी थाळी झाकली. कित्येक महिन्यांत एखादं काम नीट पार पडल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात आबांनी ‘अ’ केलं. मोठ्याने. डावा हात वर उचलला होता, मूठ घट्ट आवळलेली. प्रेमराज म्हणाला, “पेटका आला बहुतेक.” मी तेल आणून एकेक बोट उघडलं, तळवा चोळला. सोडलं की मूठ पुन्हा मिटायची. हात पुन्हा वर. चेहरा लालबुंद. शेवटी दमून हात खाली पडला.

रात्री वरण-भात घेतला नाही. दात घट्ट मिटून घेतले. थकले असतील, इतका वेळ बसवून ठेवायला नको होतं.

शनिवार, २ ऑगस्ट

दूध नाही, पेज नाही. पाण्याचे घोट तेवढे घेतात. चमचा ओठाला लावला की तोंड भिंतीकडे.

शनिवारचं अर्धं कॉलेज करून आले तर ताईबाई दारातच म्हणाल्या, “मॅडम, आबा आज माझ्यावर मूठ उगारत होते. मी काय त्यांचं घेतलं? नऊ महिने करते आहे, एकदा असं वागले नाहीत.”

“पेटका येतो आहे त्यांना.”

“पेटका डोळ्यांत येत नाही मॅडम. रागावलेत ते.”

मी त्यांनाच समजावलं की अशा आजारात राग येतो, मनावर घेऊ नका. वर चहा दिला.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, गिळण्याची ताकद जात चालली असेल, या आजारात एखाद्या टप्प्यावर असं होतं. सोमवार संध्याकाळपर्यंत वाट बघू; नाहीच खाल्लं तर नाकातून नळी घालावी लागेल. “आणि नळी एकदा घातली,” ते प्रेमराजला म्हणाले, “की या वयात सहसा निघत नाही. मनाची तयारी ठेवा.” प्रेमराज मान हलवत राहिला. डॉक्टर गेल्यावरही थोडा वेळ हलवतच होता.

दुपारी अक्का आल्या. सोबत केळीचे खांब, गंगाफळ, आणि आवाज. “बठ्ठं आनं का? नारळ शे का?” सगळं आणल्याची खात्री झाली तशी आबांच्या पलंगाशी जाऊन म्हणाल्या, “काय रे सुकदेव, मी उनू तरी तोंड फिरावस? आते कोन माले ‘शेवाली’ म्हनी चिडवी?” आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मूठ उचलली. अक्कांनी ती दोन्ही हातांत धरली आणि म्हणाल्या, “आंग तापेल शे याचं.” नव्हतं तापलेलं.

घरघंटी धुऊन-पुसून रोटाचे गहू दळले. त्या पिठात दुसरा दाणा जाता कामा नये. मी यंत्राशी उभी होते आणि माझ्या डोक्यात नळीचंच चाललं होतं. नळीचं करायचं कसं, ताईबाईंना जमेल का, मला रजा मिळेल का. आणि खरं लिहायचं तर आणखी एक. जूनमध्ये एकदा चादर बदलताना मनात येऊन गेलं होतं की ही खोली पुढे अनुजला अभ्यासाला होईल. हवेशीर आहे. मी तेव्हाच स्वतःला दटावलं होतं. आज तोच विचार पुन्हा येऊन गेला, आणि या वेळी दटावायचंही त्राण नव्हतं.

रविवार, ३ ऑगस्ट

घर भरलं होतं. असोद्याहून बन्सीलालभाऊ, गोकुळभाऊ, त्यांच्या बायका, पोरं. अनुज पहाटेच्या बसने शिरपूरहून आला. चौरंगावर कानबाई मांडली, नारळाला नथ घातली, केळीच्या खांबांनी खोली एकदम शेतासारखी वाटायला लागली. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, रोट. आबा पलंगावरून सगळं बघत होते. देवी त्यांच्या समोरच होती.

आरती झाल्यावर पहिला रोट दुधात कुस्करून मी त्यांच्याकडे नेला. निदान हा तरी घेतील अशी फार आशा होती. त्यांनी वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग डाव्या हाताने वाटी बाजूला सारली. फेकली नाही. परक्या घरी आपण नको म्हणून सारतो, तशी.

बन्सीलालभाऊ हळूच म्हणाले, “देवीचा रोट नाकारला. आता काही खरं नाही काकांचं.” ते हळू म्हणाले, पण आबांपासून चार हातांवर.

संध्याकाळी गाणी सुरू झाली. मी भांड्यांजवळ बसले होते. अक्का रंगात आल्या होत्या. जुन्या कानबायांचं, माझ्या सासूबाईंचं सांगत होत्या.

“आमनी भागा लई लाजाळू. सुकदेव नावे पुकारे, बठ्ठासना, आनि शेवटले मुद्दाम इचारे, ‘आते आखो कोन ऱ्हायनं व?’ भागा नवराना नाव लेये नई ना! मंग गुपचूप आखो एक मूठ टाके. हाऊ हासे! दर सालले तोच खेळ.”

बायका हसल्या. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

सासूबाई थाळी सारखी करत नव्हत्या.

आणखी कोण राहिलं, तर आबा स्वतः. पुकारणारा स्वतःचं नाव कसं पुकारेल? त्यांची मूठ बिननावाची, शेवटची, सासूबाईंच्या हातची. मी आणि प्रेमराजने आबांची पुकार अक्षर न चुकवता म्हटली, आणि म्हणून आबांना वगळलं. त्यांच्यासमोर. त्यांना मुद्दाम टेकवून बसवून. आणि ते मूठ दाखवत राहिले तेव्हा मी तेल लावून ती उघडत बसले.

प्रेमराजला गच्चीवर नेऊन सांगितलं. तो कठड्याला धरून उभा राहिला.

“पीठ दळून झालं, रोट झाले, लोकांनी खाल्लं. आता बोलून काय होणार?”

“आबा त्यामुळे जेवत नाहीत.”

“मेघा, आबांना आता एवढं कळत नाही.”

“कळतं.”

“आणि कळत असेल तर?” तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. “मुलाने बापाला जिवंतपणी गाळलं, असं सगळ्यांसमोर म्हणायचं? देवी समोर असताना? बन्सीलालदादा वर्षभर तेच बोलत बसेल. अपशकुन म्हणतील.” मग आवाज खाली आला. “नाव मी पुकारत होतो. तू नाही.”

खाली आलो तेव्हा तो आबांच्या पायाशी जाऊन बसला आणि त्यांची बोटं दाबत राहिला. आबांनी डोळे मिटले होते.

चूक पद्धतीतून झाली हे खरं आहे. पण मला ते पुरत नाही. गोकुळभाऊंच्या धाकट्याचं नाव राहिलं असतं तर थाळी झाकण्याआधी मला टोचलं नसतं का? समोर बसलेला माणूस मोजायचा राहिला आणि मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी शुक्रवारी इथे लिहून ठेवलं आहे.

उद्या सकाळी देवी विसर्जनाला उठायच्या आत अक्कांना सांगणार. आज त्यांच्यापाशी तीनदा गेले आणि तीनदा “चहा घेता का” एवढंच विचारून आले.

सोमवार, ४ ऑगस्ट

सांगितलं.

अक्का अंघोळ करून केसांना तेल लावत होत्या. मी उभ्या-उभ्याच बोलले. त्यांनी पूर्ण ऐकलं, आणि मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, “मंग तो मूठ दखाडी ऱ्हायंता, आनि मी म्हनू आंग तापेल शे.” कपाळावर हात मारून घेतला. “मी बी बुढी येडी.”

“अक्का, आता काय करायचं? पीठ तर...”

“देवी आजून चौरंगवर शे ना? मंग काय संपनं? गहू आन.”

बाहेर ढोलवाला आला होता, मेहरूण तलावावर गर्दी व्हायच्या आत पोचायचं म्हणून बन्सीलालभाऊ घड्याळ बघत होते. अक्का मध्ये उभ्या राहून म्हणाल्या, “थांबा. एक मूठ राही गई. सुकदेवनी.” मग बन्सीलालभाऊ म्हणाले, “राहिली म्हणजे? काकांची? कशी काय?”

प्रेमराज पुढे झाला. “मी पुकारली नाही, दादा. माझी चूक.”

बन्सीलालभाऊंनी तोंड उघडलं होतं. आबांकडे पाहून मिटलं.

मी पाट पलंगाला लावला. डबा आणि रिकामी थाळी आबांच्या मांडीशी धरली. अक्कांनी मला मूठ काढू दिली नाही. म्हणाल्या, त्याचा हात चालतो ना, मग त्याचा तोच काढेल. आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या की ढोलवाला दारातून डोकावला: “सुकदेव!”

आबांचा हात डब्यात गेला. कितीतरी वेळ आतच होता. दाणे चाळवल्याचा आवाज येत होता. मग मूठ वर आली, बोटांच्या फटींतून गहू गळत होते. मी थाळी जवळ केली. पण हात थाळीपर्यंत पोचला नाही. वाटेत माझ्या हातावर आला आणि तिथेच टेकला. दमले होते. मी दुसऱ्या हाताने आधार दिला, तर त्यांनी माझ्या तळव्यात मूठ उघडली. ते गहू मी थाळीत ओतले आणि म्हटलं, “झालं आबा. पडली तुमची मूठ.”

त्यांनी मान हलवली. नाही. हात पुन्हा डब्यात. दुसरी मूठ जरा लहान होती, पण या वेळी हात नीट थाळीवर गेला आणि त्यांनी ती स्वतः सोडली.

“काका, दोनदा झाली!” गोकुळभाऊ म्हणाले.

मी एक मूठ परत काढायला लागले, तर आबांनी थाळीवर हात आडवा ठेवला. अक्का माझ्याकडे बघत होत्या. “ऱ्हाऊ दे व,” त्या म्हणाल्या, “जास्तीनी नई ती.” आणि चिमूट एकदा नाही, दोनदा टाकली.

आबांनी एक आवाज काढला. ‘अ’ नाही, ‘हं’ही नाही. पूर्वी “आखो कोन ऱ्हायनं” विचारून हसायचे, त्यातला शेवटचा भाग असावा तसा.

जास्तीची मूठ कुणाची, यावर मी दिवसभर विचार करते आहे. गणती चुकली म्हणावं तर अडवलं कशाला? मला वाटतं सासूबाईंची असावी. इतकी वर्षं त्या आबांची टाकत आल्या, आज आबांनी त्यांची टाकली. बायकांची टाकत नाहीत आणि गेलेल्यांची तर नाहीच, पण आबांना कोण अडवणार. हे सुचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडून घेतलं. एक तेवढं जुळत नाही की सासूबाईंची पहिली आणि स्वतःची नंतर, असं का. आणि ती थाळीत टाकायची सोडून माझ्या हातात का. दमले होते, हेच खरं असावं.

देवी गेली. घर रिकामं झालं. अनुजला शिरपूरच्या बसमध्ये बसवून प्रेमराज कंपनीत गेला. दुपारी कालचाच रोट दुधात कुस्करून वाटी नेली. सारली नाही. सहा चमचे घेतले, मग दम खाऊन आणखी दोन. ताईबाई म्हणाल्या, “बघा, मी म्हटलं नव्हतं? राग होता.” डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गिळत असतील तर नळी नको, बघू रोजच्या रोज. म्हणजे संपलेलं काही नाही. पाठीवरचं लाल तसंच आहे. उद्या पुन्हा चादर, पुन्हा कूस. मी दमलेलीच आहे, आणि खोलीचा विचार पुन्हा कधी येणार नाही असं वचन मी या वहीला देत नाही. पण यापुढे त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलताना त्यांच्याकडे बघून बोलायचं, एवढं ठरवलं आहे.

संध्याकाळी ए अक्षरावरचं ते पान फाडून नवं लिहिलं. ‘हातीपायी धड’ काढलं, ‘ठणठणीत’ही काढलं. अर्थ असा दिला: ज्याचं आटोपलं असं इतरांनी धरून चाललं होतं, तो आहे, आणि आपण आहोत हे दाखवून देतो आहे. सुरेशचंदभाऊंना फोनवर वाचून दाखवलं.

“लांब झालं मॅडम. दोन ओळी म्हटल्या होत्या.”

“याहून लहान होत नाही, भाऊ.”

“बरं, राहू द्या. वाक्य कुठलं टाकणार?”

म्हटलं, वाक्य अजून व्हायचं आहे. आबांना विचारून टाकते. भाऊ हसले, त्यांना तो विनोद वाटला.

आता अक्का जाताना सांगून गेल्या ते. थाळीतले ते गहू डब्यात परत टाकायचे नाहीत. वेगळे दळून त्याचा रोट करायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. “अर्धा त्यानी खावाना, अर्धा तू,” म्हणाल्या. मी म्हटलं, “माझा कशाला, अक्का? प्रेमराजला देते.” त्या चप्पल घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “शिकेल शे, पन समजस नई.” आणि गेल्या. कशाबद्दल म्हणाल्या ते विचारायचं राहिलं.

उद्या: कॉलेजला जाण्याआधी घरघंटी पुसून त्या दोन मुठी दळायच्या.